कोयता एक, मतं दोन

2024 च्या विधानसभा निवडणुकीत आमच्या गावातल्या बायकांनी उमेदवारांना गावात बोलावलं, समोर बसवलं आणि आपले प्रश्न विचारून त्यांची उत्तरं कागदावर घेतली. परवानगी कुणाची काढली, पैसे कुठून आणले, पोलीस आडवे आले का, असं शेजारच्या गावांतल्या बऱ्याच जणी विचारतात. म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवते आहे. जिल्हा परिषदेच्या आणि पंचायत समितीच्या निवडणुकांत कुणाला तरी उपयोग होईल.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात. जमीन हलकी, विहिरींना पाणी संक्रांतीपर्यंत. दिवाळी झाली की निम्म्याहून जास्त घरांना कुलूप लागतं आणि माणसं ऊसतोडीला जातात. मी शिवणकाम करते आणि वर्षभर गावातच असते. बारावी झालेली असल्यानं अर्ज भरून घ्यायला बायका माझ्याकडंच येतात.

सुरुवात झाली ती लाडक्या बहिणीच्या अर्जांपासून. 28 जून 2024 ला अर्थसंकल्पात योजना जाहीर झाली आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात माझ्या ओट्यावर रांग लागली. आधी अधिवास दाखला मागत होते. तहसीलला एवढी गर्दी झाली की सरकारनं ती अट सैल केली आणि त्याऐवजी 15 वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला चालेल असं सांगितलं. मग काय, ट्रंकेच्या तळातून मतदान कार्डं निघाली. ती बघता बघता माझ्या लक्षात आलं की गावातल्या कितीतरी सुनांची नावं अजून माहेरच्याच यादीत आहेत. लग्नाला आठ-दहा वर्षं झालेली, लेकरं शाळेत जाणारी, आणि मत मात्र दुसऱ्या तालुक्यात. काहींचं नाव तर कुठल्याच यादीत नव्हतं. मतदानाच्या दिवशी या बायका काय करत होत्या इतकी वर्षं? घरी राहत होत्या. कुणी विचारलंही नव्हतं.

पैशाबद्दल सरळ बोलते. महिन्याला 1500 रुपये हे आमच्याकडं मोठे पैसे आहेत. ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या तोंडावर दोन महिन्यांचे 3000 एकदम आले तेव्हा काही बायकांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या सहीनं बँकेतून रक्कम काढली. एकीनं कानातलं सोडवून आणलं, एकीनं सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन केलं. या पैशाला नावं ठेवणाऱ्यांशी माझं पटत नाही. पण त्याच महिन्यात वेगवेगळ्या पक्षांची पोरं गावात फिरायला लागली आणि लाभार्थी बायकांची यादी मागायला लागली. मागितली कुणाला? माझ्या नवऱ्याला. मी दारात उभी होते, अर्ज मी भरले होते, तरी "दादा, वहिनीकडून तेवढी यादी घेऊन ठेवा." आधार आणि खात्याचे नंबर असलेली यादी मी कुणाला दिली नाही. असं काम करणाऱ्या बायांनी हे कटाक्षानं पाळा.

ऊसतोडीत मुकादम, म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतो. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या कोयत्याची, हिशेब कोयत्याचा, पैसे मात्र नवऱ्याच्या हातात. आमच्या भागातले उमेदवारही घराला असंच धरतात. घरच्या माणसाशी बोलणं झालं की बाईचं मत त्यातच आलं असं त्यांना वाटतं. त्या पोरांच्या फेऱ्या बघताना ही गोष्ट मला पहिल्यांदा नीट कळली, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

15 ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख 29 ऑक्टोबर, आणि मतदार नोंदणीचे अर्ज त्याच्या दहा दिवस आधीपर्यंतच, म्हणजे 19 ऑक्टोबरपर्यंत. हातात चारच दिवस. ज्यांचं नाव कुठंच नाही त्यांना अर्ज क्रमांक 6, माहेरून सासरी नाव आणायचं तर अर्ज क्रमांक 8. दोन्ही फुकट आहेत, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. खर्च फक्त झेरॉक्सचा आणि तालुक्याला जायच्या एसटीचा, तोही बायकांना मार्च 2023 पासून अर्ध्या तिकिटात. खरी अडचण आधारची. सुनेच्या आधारवर माहेरचं नाव आणि माहेरचाच पत्ता असला तर सासरचा पुरावा लागतो. आधारवरचं नाव-पत्ता बदलायला तेव्हा, 2024 ला, केंद्रावर 50 रुपये लागायचे आणि बदल व्हायला वेळ जातो, चार दिवसांत ते जमत नाही. ज्यांनी जुलैत योजनेसाठी आधार दुरुस्त केलं होतं त्यांचं काम झटक्यात झालं. बाकीच्यांना बँकेच्या पासबुकावरचा पत्ता कामाला आला.

आमच्या मतदान केंद्राची बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारी, अंगणवाडीताईच होती. ती बिचारी दिवसभर पोषण आहार वाटून संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसायची आणि मोबाइलवर एकेक अर्ज चढवायची. नेटवर्क फक्त टाकीजवळ मिळतं, म्हणून शेवटच्या रात्री आम्ही पाण्याच्या टाकीखाली बॅटरी लावून बसलो होतो. अर्ज चढला की एक संदर्भ क्रमांक येतो. तो वहीत लिहून ठेवा, अर्ज मंजूर झाला की नाही ते त्यावरून कळतं. काहींचे अर्ज राहिलेच. त्यातली एक पोरगी फार रडली, कारण तिच्या नवऱ्यानं तिला पहिल्यांदाच स्वतःहून "जा, भरून ये" म्हटलं होतं.

उमेदवारी अर्ज भरायच्या दिवसांत प्रत्येकाची मिरवणूक निघते. एका मिरवणुकीसाठी आमच्या गावातून बायकांचा टेम्पो भरून गेला. सगळ्यांना एकाच रंगाची साडी दिली होती आणि सगळ्यांत पुढं चालायला लावलं होतं, फोटोत दिसायला. सकाळी आठला गेलेल्या बायका दुपारी तीनपर्यंत उन्हात. पाणी नाही, आणि बाईमाणसाला बाजूला जायला जागा नाही. परत आल्यावर माझी चुलत जाऊ म्हणाली, "आक्का, भाषणात धा येळा लाडकी बहीण म्हनलं, पर बहिनीला लघवीला कुठं जायाचं ते कुनी सांगितलं न्हाई." तिला रोज म्हणून ठरलेले पैसे मिळाले. साडीही मिळाली. तिला मी दोष देत नाही.

मग दिवाळी. त्या वर्षी भाऊबीज 3 नोव्हेंबरला होती आणि उमेदवारी मागं घ्यायची मुदत 4 नोव्हेंबरची, त्यामुळं अख्खी दिवाळी प्रचारात गेली. त्या आठवड्यात एका उमेदवाराच्या घरच्या बाईंनी आमच्या गावात हळदीकुंकू ठेवलं. आमच्या गावात विधवा बायका बऱ्याच आहेत. काहींचे नवरे कर्जापायी गेले, काहींचे दारूपायी, एकीचा उसाच्या ट्रॅक्टरखाली. हळदीकुंकवाला त्या आल्या नाहीत आणि कुणी त्यांना बोलावलंही नाही. त्यातल्या एका काकूंचं घर मंडपाच्या समोरच आहे. त्या दार लावून आत बसून होत्या. दुसऱ्या दिवशी ब्लाऊज टाकायला आल्या तेव्हा मला म्हणाल्या, "मपलं कुकू गेलं, मत तर न्हाई ना गेलं?"

बायका जमवायच्या हे त्या दिवशीच ठरलं. त्याच संध्याकाळी आम्ही दहा-बाराजणी बसलो. काकू पहिल्या. ठरलं असं की कोणत्याही एका उमेदवाराला बोलवायचं नाही, सगळ्यांना बोलवायचं. कुंकू नाही, साडी नाही, सत्कार नाही, हार-नारळ नाही. प्रश्न बायका विचारणार आणि उत्तर विचारणाऱ्या बाईकडं बघून द्यायचं. आणि हे ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत व्हायला पाहिजे. त्या वर्षीचा गळीत हंगाम 15 नोव्हेंबरपासून आणि मतदान 20 ला, म्हणजे कितीतरी बायका मतदानाच्या दिवशी गावात नसणार हे दिसतच होतं. रविवार 10 नोव्हेंबर धरला.

आता परवानगीचं. आचारसंहितेत सभेला निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या एक खिडकी कक्षातून परवानगी काढावी लागते. बायकांचं म्हणणं होतं मारुतीच्या पारावर बसू. पण धार्मिक स्थळाचा वापर प्रचारासाठी करता येत नाही, उमेदवार तिथं बोलले तर तो आचारसंहितेचा भंग. शाळेचं पटांगण आणि ग्रामपंचायतीचं सभागृह यांत वेगळेच गुंते. शेवटी एका आजींच्या खळ्यावर ठरलं, खाजगी जागा. आजींचं अंगठ्याचं संमतिपत्र, सातबारा, पोलीस ठाण्याचा ना हरकत दाखला, भोंग्याची परवानगी आणि आमचा अर्ज, एवढी कागदं लागली.

खिडकीवरच्या बाबूंनी विचारलं, "पक्ष कोणता?" म्हटलं, कोणताच नाही. ते म्हणाले अर्जात पक्षाचं किंवा उमेदवाराचं नाव टाकावंच लागतं, त्याशिवाय खर्च कुणाच्या नावावर धरायचा? आम्ही सांगितलं, खर्च आम्ही बायका करणार, प्रत्येकीकडून 20 रुपये, आणि कुणाचाही झेंडा, पत्रक, फोटो तिथं नसणार. ते आत गेले, साहेबांशी बोलून आले आणि म्हणाले, उद्या या. उद्याचा परवा झाला. शेवटी एका तरुण महिला अधिकाऱ्यांनी अर्ज पूर्ण वाचला आणि सांगितलं की दोन बायकांनी स्वतःच्या नावानं अर्ज करावा, सगळ्या उमेदवारांना निमंत्रण दिल्याच्या पोच जोडाव्यात आणि चहापाणीसुद्धा कुणा उमेदवाराकडून घेऊ नये. त्यांनी रात्री दहाच्या आत भोंगा बंद करायला बजावलं आणि सही केली. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी अर्जात पहिल्याच ओळीत लिहा की सर्व उमेदवारांना समान निमंत्रण आहे. त्या एका वाक्यानं निम्मं काम सोपं होतं.

निमंत्रणपत्रं आम्ही हातानं नेऊन दिली आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घेतला. प्रचार कार्यालयांतून एकच प्रश्न ऐकू आला, "किती बायका येतील? गाडी पाठवू का?" एका ठिकाणी तर "सरपंचांशी बोलून घेतो" म्हणून सरपंचबाईंच्या नवऱ्याला फोन लावला. सरपंचबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी फोन हातातून घेतला आणि म्हणाल्या, "सरपंच मी आहे. सांगा मला." 1993 च्या घटनादुरुस्तीनंतर बायका सरपंच व्हायला लागल्या, 2011 पासून राज्यात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या, तरी फोन अजून नवऱ्यालाच जातो. आमच्या सरपंचबाईंनी त्या दिवसापासून स्वतःचा नंबर ग्रामपंचायतीच्या दारावर लिहून टाकला.

प्रश्न ठरवताना खरी मजा आली. तीन संध्याकाळी आम्ही त्यावरच होतो. आधी बायका म्हणाल्या रस्ता, पाणी, लाईट. मग काकूंनी विचारलं, "ही तर गडीमाणसं बी मागत्यात. आपलं काय?" मग हळूहळू निघालं. उसाच्या फडावर संडास नाही, न्हाणी नाही, आणि पाळीच्या दिवसांत सुट्टी घेतली तर खाडा पडतो, त्या दिवसाचे पैसे उलटे कापले जातात. खाड्याच्या भीतीनं बायका दुखणं अंगावर काढतात. 2019 ला बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनांचा विषय सगळीकडं गाजला. तेव्हा झालेल्या पाहणीत 82 हजारांहून अधिक बायकांपैकी 13 हजारांहून अधिक बायकांची पिशवी काढलेली निघाली. आता खाजगी दवाखान्याला त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. हे ठीकच झालं, पण खाडा आहे तिथंच आहे. ज्यांच्या डोळ्यांदेखत हे घडलं अशा तीन बायका आमच्याच बैठकीत होत्या. त्यातल्या एकीनं सत्ताविसाव्या वर्षी पिशवी काढली. तिनं हा प्रश्न स्वतः विचारायचं ठरवलं. आम्ही तिला दोनदा विचारलं, चारचौघांत बोलशील ना? ती म्हणाली, "माझं झालंय. आता लाज कशाची? माझ्या पोरीचं होऊ नये."

दुसरे प्रश्न असे निघाले: ऊसतोड कामगार महामंडळाचं ओळखपत्र बाईच्या नावानं वेगळं मिळावं आणि उचलीच्या कागदावर तिची सही असावी. संत भगवानबाबांच्या नावाच्या सरकारी वसतिगृहांत मुलींसाठी जागा वाढवाव्यात, म्हणजे पोरीला फडावर न्यावं लागणार नाही आणि तिचं लग्न चौदाव्या-पंधराव्या वर्षी उरकलं जाणार नाही. उपकेंद्रात रात्री नर्सबाई असावी. आणि संध्याकाळची एसटी. अर्धं तिकीट आहे, पण गाडीच येत नाही, तर अर्ध्याचं काय करायचं?

10 तारखेला दुपारी बायका येत गेल्या. खळं भरलं, भिंतीवरही बसल्या. गडीमाणसं मागं उभी. भोंगा, सतरंज्या, झेरॉक्स आणि पिण्याच्या पाण्याचे जार मिळून अठराशेच्या आसपास खर्च आला आणि वर्गणीतून भागला. मोठ्या दोन उमेदवारांपैकी एक स्वतः आले, दुसऱ्यांनी भावाला पाठवलं. एक अपक्ष ताई आल्या, आणि एका लहान पक्षाचे तरुण उमेदवार मोटारसायकलवर आले. बाकीचे आले नाहीत.

मोठे उमेदवार आल्या आल्या मागं उभ्या असलेल्या पुरुषांना नमस्कार करत तिकडंच निघाले. सरपंचबाई म्हणाल्या, "साहेब, इकडं बसा." ते बसले. पहिला प्रश्न खाड्याचा. ती बाई उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलली, स्वतःचं ऑपरेशनसुद्धा. खळ्यावर कुणी हललं नाही. साहेबांनी आधी योजनेचं सांगायला सुरुवात केली, रक्कम 2100 होणार म्हणून. दुसऱ्या बाजूच्या आघाडीनं 3000 चा शब्द दिला होता, तेही भावानं लगेच मध्ये घातलं. त्या बाईनं दोघांना थांबवलं. "पैशाचं चांगलंय साहेब, ते येऊ द्या. मी खाड्याचं इचारलं." मग साहेब जरा थांबले आणि म्हणाले की खाड्याबद्दल कारखाना आणि मुकादम यांच्या करारात काही लिहिलेलं असतं का हे त्यांना बघावं लागेल. त्या दुपारचं हे पहिलं खरं उत्तर होतं आणि मला ते आवडलं. तिला त्यांनी ताई, माउली काही म्हटलं नाही, नाव विचारून नावानं उत्तर दिलं.

अपक्ष ताईंना फडाची माहिती सगळ्यांत जास्त होती, त्या स्वतः टोळीत गेलेल्या. त्यांच्याकडं पैसा नव्हता, गाड्या नव्हत्या. निवडून येण्याचा प्रश्नच नव्हता हे त्याही जाणून होत्या. त्या निवडणुकीत राज्यात 4136 उमेदवारांत 363 बायका होत्या, आणि निवडून आल्या 288 पैकी 21. ताई बोलत असताना बायकांनी ज्या लक्षानं ऐकलं ते बघून मला वाटलं की पक्षांनी अशांना तिकीट का देऊ नये?

शेवटी मागण्यांचा कागद पुढं केला. साहेबांनी खाडा, ओळखपत्र आणि एसटी यांच्यासमोर सही केली, उपकेंद्राला "प्रयत्न करू" असं लिहिलं. ताईंनी आणि तरुण उमेदवारांनी सगळ्यावर सही केली. भाऊ म्हणाले, दादांना दाखवून पाठवतो. तो कागद परत आला नाही.

मतदानाच्या आधीच्या दोन रात्री कठीण असतात. 18 ला संध्याकाळी सहाला प्रचार थांबला आणि त्यानंतर आमच्या वाडीवर पाकिटं आली. मोबाइलवर सी-व्हिजिल नावाचं ॲप आहे, फोटो किंवा व्हिडिओ काढला की जागेसकट तक्रार जाते आणि शंभर मिनिटांत कारवाई व्हायला पाहिजे असा नियम आहे. आम्ही फोटो काढला, टाकीजवळ जाऊन पाठवला. भरारी पथक आलं, तोवर पाकिटं वाटून झालेली. पैसे देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे, हे बायकांना आधीच सांगितलेलं होतं. तरी काहींच्या घरी पाकीट नवऱ्यानंच घेतलं, दोघांच्या मताचं मिळून.

टोळ्यांचं मात्र फार वाईट वाटलं. 12 तारखेपासून ट्रॅक्टर हलले. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टीचा कायदा आहे, पण दोनशे किलोमीटरवर असलेल्या बाईला एका दिवसाच्या सुट्टीचा काय उपयोग? 19 ला रात्री काही टोळ्यांवर जीपगाड्या गेल्या. कुणी पाठवल्या ते कुणी बोललं नाही. मतदारांना फुकट वाहनानं आणणं हाही कायद्यानं भ्रष्ट प्रकारच आहे. त्या जीपमधून गडीमाणसं आली. बायका मागं राहिल्या, बैलं आणि लेकरं कोण बघणार म्हणून. खाड्याचा प्रश्न विचारणारी आमची मैत्रीण त्यांच्यातच होती. तिचं मत पडलं नाही. तिनं मला फोनवर एवढंच विचारलं, "साहेबांनी सही केलेला कागद नीट ठिवलाय ना?"

20 ला ज्या गावात होत्या त्यांनी झाडून मतदान केलं. राज्यात 65 टक्क्यांवर बायकांनी मत दिलं, 2019 पेक्षा बरंच जास्त. मतदान कार्ड सापडलं नाही तर रोजगार हमीचं जॉबकार्ड किंवा फोटोचं पासबुकही चालतं, फक्त यादीत नाव पाहिजे. माझ्या ओट्यावरच्या वहीतल्या ज्या सुनांचे अर्ज मंजूर झाले, त्यांनी सासरच्या गावात पहिल्यांदा बोटाला शाई लावून घेतली.

23 ला निकाल लागला. निवडून आले ते भावाला पाठवणारे. आम्ही मागण्यांचा कागद त्यांना रजिस्टर पोस्टानं पाठवला, पोचपावतीसह. हरलेल्या साहेबांनी सही केलेला कागदही सोबत जोडला, म्हणजे विरोधकानं काय कबूल केलंय ते त्यांना दिसेल. उत्तर अजून नाही. ओळखपत्रांचे बायकांच्या नावाचे अर्ज आम्ही ग्रामसेवकांकडं टोळ्या निघायच्या आधीच दिले होते, त्यातली काही तयार झाली आहेत. एसटीसाठी आगारात अर्ज दिला आहे. ज्यांचे अर्ज क्रमांक 8 राहून गेले होते त्यांचे या महिन्यात चढवतोय, निवडणूक लागायची वाट न बघता. पाडव्याला टोळ्या परतल्या की पुन्हा त्याच खळ्यावर बसणार आहोत. जिल्हा परिषदेच्या उमेदवारांसाठी नवा कागद करायचा आहे आणि त्यातला पहिला प्रश्न ठरलाय: फडावरच्या बाईनं मत कसं द्यायचं?